हिशेबाची भीड

एका वाचक भगिनीनें गेल्या महिन्यांत आम्हांस एक लांबलचक पत्र पाठविलें आहे. त्यांचीं मुलें ज्या शाळेंत जातात तेथील कांहीं पालकांनीं आपण होऊन एक मंडळ स्थापन केलें असून त्याच्या त्या चिटणीस आहेत. शाळेचा पालक-शिक्षक संघ निराळा. हें मंडळ पालकांचें खाजगी, हौसेचें, कोठेंही न नोंदलेलें. ६० घरें सभासद आहेत. प्रत्येक घरानें वर्षास १,००० रुपये द्यावयाचे व त्यांतून स्नेहसंमेलनाचे पोशाख, एक सहल, वाचनालयास थोडीं पुस्तकें आणि घरची स्थिति बेताची असलेल्या दोन-तीन मुलांच्या फीस हातभार, एवढाच व्यवहार. परंतु गेल्या आठ महिन्यांत खजिनदारांनीं एकदांही जमाखर्च मांडलेला नाहीं. विचारलें म्हणजे "पाहतों, या आठवड्यांत देतों" असें उत्तर येतें. गृहस्थ सज्जन आहेत, एका कंपनींत वरच्या हुद्द्यावर आहेत, त्यांच्या घराशीं चिटणीसबाईंचा घरोबा आहे, आणि दोघांचीं मुलें वर्गांत एकाच बाकावर बसतात. अशा माणसास हिशेब विचारावा तरी कसा, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्याकडील कित्येक मंडळांच्या अकालमृत्यूचें कारण त्यांत सांपडेल असें आम्हांस वाटतें. घरीं आपण मोठीं काटेकोर माणसें असतों. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतों आणि महिनाअखेरीस गवळ्याशीं अर्ध्या लिटरवरून हुज्जत घालतों. तींच आपण, चारचौघांचा पैसा चारचौघांपैकीं एकाच्या हातीं दिला कीं, एकाएकीं उदार होतों, "त्यांना काय हिशेब विचारायचा!" म्हणतों, आणि या औदार्यास सौजन्य असें नांव देतों. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्या आज्या सांगत आल्या. या प्रकरणांत मात्र भीक भिडस्ताच्या पदरीं पडत नाहीं, भलत्याच कोणाच्या पदरीं पडते.

पत्राच्या मधल्या पानावर, जणू सहज, दोन गोष्टी लिहिल्या आहेत. आमच्या मतें त्याच या पत्राचा गाभा होत. स्नेहसंमेलनाचे पोशाख एका आईनें भाड्यानें आणले. मंडळाचा पैसा वेळेवर हातीं आला नाहीं, म्हणून दुकानदाराचे ११,४०० रुपये तिनें स्वतःजवळचे दिले. त्यास आतां चार महिने झाले. या बाई शिकवण्या करून संसारास हातभार लावतात. त्यांनीं दोनदां आठवण दिली, तिसऱ्यांदां दिली नाहीं, आणि हल्लीं त्या सभेस येईनाशा झाल्या आहेत. "त्यांना वेळ नसतो," असें इतर सभासद म्हणतात! दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. एका मुलाची निम्मी फी मंडळानें भरावयाची असें ठरलें होतें. दुसऱ्या सहामाहीची ती भरलीच गेली नाहीं, आणि शाळेच्या कारकुनानें थकबाकीची चिठ्ठी वर्गांत नेऊन त्या मुलाच्या हातीं दिली. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वीं वारले. चाळीस मुलांच्या देखत अशी चिठ्ठी हातीं पडणें म्हणजे काय, हें ज्यास कळत नसेल त्यानें आपले शाळेचे दिवस आठवून पाहावे.

साठ घरांनीं खजिनदारांची भीड राखली आणि तिची किंमत या दोन घरांनीं भरली. तेव्हां विचारावें कीं न विचारावें हा प्रश्नच उरत नाहीं. कसें विचारावें, एवढाच उरतो.

तत्पूर्वीं एक सावधगिरी. हिशेब न देणें आणि पैसा खाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पत्रांत एके ठिकाणीं लोक कांहींबाही बोलूं लागल्याचा उल्लेख आहे. लोक बोलणारच, आठ महिने कागद दिसला नाहीं म्हणजे प्रत्येकाच्या मनांत एक स्वतंत्र हिशेब तयार होतो. पण असे बहुतेक खजिनदार लबाड नसतात, लाजलेले असतात. पहिल्या महिन्यांत नोंदी करावयाच्या राहून जातात. पावत्या सदऱ्याच्या खिशांतून टेबलाच्या खणांत व तेथून एका कापडी पिशवींत जाऊन पडतात. वर्गणी मोबाईलवरून त्यांच्या स्वतःच्याच खात्यांत आलेली असते, आणि त्याच खात्यांतून घरची भाजी, विजेचें बिल व मुलाच्या शिकवणीचे पैसेही जात असतात. हें सारें निवडून काढावयास दोन रविवार लागतील असें तिसऱ्या महिन्यांत त्यांच्या ध्यानांत येतें. सहाव्यांत चार लागतील असें दिसूं लागतें. आणि मग त्या पिशवीकडे पाहणेंच नकोसें होतें. कोणी आठवण केली कीं माणूस चिडतो, तो चिडला कीं लोक गप्प बसतात, आणि लोक गप्प बसले कीं पिशवी आणखी फुगते. वरच्या हुद्द्याचा येथें कांहीं उपयोग नाहीं. उलट कधीं कधीं अपायच होतो. कचेरींत ज्यांच्यासमोर तयार कागद सहीपुरता येतो त्यांना कीर्द लिहिण्याची सवय राहिलेली नसते, आणि "मला जमत नाहीं" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघणें फार कठीण असतें. खजिनदार निवडतांना मंडळानें हुद्दा पाहिला. त्या गृहस्थांना वही लिहिण्याची आवड आहे कीं नाहीं, हें कोणींच पाहिलें नाहीं.

आणि मंडळाची बाजूही निर्दोष आहे असें नाहीं. २०१६ सालीं यूपीआयची सोय झाल्यापासून वर्गणी गोळा करणें फार सोपें झालें. बसल्या जागेवरून पैसे जातात. पण ते जातात कोठें, तर एका व्यक्तीच्या घरखर्चाच्या खात्यांत. बँकेच्या दृष्टीनें तो सारा पैसा त्या व्यक्तीचा. उद्यां तिचें कांहीं बरेंवाईट झालें तर मंडळास एका शोकाकुल घराच्या दारांत वर्गणीचे पैसे मागावयास उभें राहावें लागेल, याचा विचार साठांपैकीं एकाही घरानें केलेला दिसत नाहीं. मंडळाच्या नांवें खातें उघडावयाचें तर बँक ठराव मागते, नियम मागते, पॅन मागते; खटपट आहे हें खरें, पण ती एकदांच करावयाची असते. तें जमेपर्यंत निदान दोन पालकांच्या संयुक्त नांवानें एक निराळें खातें असावें व त्यांत मंडळाच्या पैशाशिवाय दुसरा एक रुपयाही येऊं नये. कांहीं वडीलधारीं माणसें अद्याप धनादेश देतात. त्यांच्यासाठीं सांगावयाचें कीं, धनादेशाची मुदत पूर्वीं सहा महिने असे. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली आहे. खजिनदारांच्या खणांत चार महिने पडलेला धनादेश म्हणजे नुसता कागद. देणाऱ्या आजोबांना वाटतें आपण वर्गणी दिली, मंडळास वाटतें त्यांनीं दिली नाहीं, आणि दोघेही आपापल्या परीनें बरोबर असतात.

आतां विचारण्याची रीत. व्हॉट्सॲपच्या गटावर विचारूं नये. ती चावडी आहे; तेथें विचारलेला साधा प्रश्नही आरोपासारखा ऐकूं येतो, आणि त्यास उत्तर मिळतें तें खजिनदाराचें नव्हे, अब्रू वांचवूं पाहणाऱ्या गृहस्थाचें. त्यांच्या पत्नीकरवींही निरोप धाडूं नये. घरोबा असल्यामुळें ही वाट सोपी वाटते खरी. परंतु त्यायोगें मंडळाचा प्रश्न दोन घरांमधला प्रश्न होऊन बसतो, आणि त्या बिचाऱ्या बाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरांत उभ्या राहून नवऱ्याची वकिली करावी लागते. मुलांच्या कानांवर तर यांतील अक्षरही जाऊं देऊं नये. तो बाक दोघांचा आहे.

चिटणीसबाईंनीं आणि अध्यक्षांनीं, दोघांनींच, आधीं कळवून त्यांच्या घरीं जावें. चहा व्हावा. मग सरळ सांगावें: "भाऊसाहेब, मंडळाचीं दोन देणीं थकलीं आहेत, एक पोशाखांचें आणि एक फीचें. तीं दोन्हीं आज येथें बसून देऊन टाकूं. बाकीच्या हिशेबासाठीं येत्या रविवारीं सकाळीं नऊ वाजतां आम्ही दोघें पुन्हां येतों. कागद जसे असतील तसे काढून ठेवा, तिघें मिळून लावूं." या बोलण्यांत आरोप नाहीं, इतके दिवस कां लागले अशी विचारणाही नाहीं, मात्र तारीख आहे आणि वेळ आहे. "आपल्याला सवड होईल तेव्हां" हे शब्द कटाक्षानें टाळावे. देणीं आधीं द्यावयाचीं तीं अशासाठीं कीं, हिशेब लागावयास आणखी पंधरा दिवस गेले तरी चालेल. त्या दोन घरांचा मात्र एकही दिवस आणखी जातां कामा नये.

हिशेब लावतांना चार रकाने पुरतात: तारीख, कोणाकडून किंवा कोणास, कशासाठीं, आणि किती. बँकेचा उतारा छापून घ्यावा व त्यांतील मंडळाच्या ओळींवर पेन्सिलीनें खूण करीत जावें. शेवटीं हातची रोकड मोजावी, बँकेंतील शिल्लक पाहावी आणि दोहोंची बेरीज वहींतील शिलकेशीं ताडून पाहावी. साठ घरांचा आठ महिन्यांचा जमाखर्च एका सकाळींत लागण्यासारखा आहे. ज्याची एवढी धास्ती घेतली तो राक्षस बहुधा एवढाच निघतो. परत आल्यावर त्याच दिवशीं चिटणीसबाईंनीं खजिनदारांस दोन ओळींचें पत्र लिहावें: काय ठरलें, आणि पुढील हिशेब कोणत्या तारखेस सभेपुढें यावयाचा. तोंडीं ठरलेल्या गोष्टी दोन घरीं दोन तऱ्हांनीं लक्षांत राहतात.

पुढील वर्षापासून मात्र मंडळानें हें कामच हलकें करावें. गांधीजींनीं १८९४ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत तेथल्या हिंदी लोकांसाठीं नाताळ इंडियन काँग्रेस स्थापिली, तिचे चिटणीस ते स्वतःच होते. आरंभीं वर्गणी मासिक होती. दरमहा ती वसूल करणें जिकिरीचें होतें असा अनुभव येतांच ती वार्षिक करण्यांत आली, कमींत कमी तीन पौंड. सभासद पावती मागत नसत, तरी प्रत्येक रकमेची पावती देण्याविषयीं त्यांचा आग्रह असे. हें सर्व त्यांनीं आपल्या आत्मकथेंत नमूद केलें आहे. गांधीजींइतका चिकाटीचा चिटणीस लाभलेल्या संस्थेनेंही सर्व भार चिकाटीवर न टाकतां वर्गणीची रीत बदलली, हें आमच्या पालक-मंडळांनीं पाहण्याजोगें आहे. आपणांकडे खजिनदार म्हणजे एकाच डोक्यावर सर्व ओझें: त्यानेंच मागावें, त्यानेंच घ्यावें, त्यानेंच द्यावें, आणि लिहावें तेंही त्यानेंच. त्याऐवजीं वर्गणीचा पाठपुरावा प्रत्येक वर्गाच्या एका पालकानें करावा, खजिनदारानें पैसे द्यावे व नोंद ठेवावी, आणि ज्यास सहीचा अधिकार नाहीं अशा तिसऱ्याच पालकानें दरमहा बँकेचा उतारा डोळ्यांखालून घालावा.

ही शेवटची रीत अमेरिकेंतील पालक-मंडळांत चांगली परिचयाची आहे. तिकडे हें काम जुनें. १८९७ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या मातांच्या परिषदेंतून तेथील राष्ट्रीय पालक-शिक्षक संघ उदयास आला. आमच्या अनेक वाचकांचे लेक-सुना व लेकी-जांवई तिकडे सुट्टीच्या दिवशीं मराठी शाळा चालवितात, त्यांना या निमित्तानें एक सूचना. करमुक्त संस्था म्हणून मान्यता असलेल्या लहान मंडळास, वार्षिक प्राप्ति सामान्यतः ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर, सरकारास दरवर्षीं एक अगदीं छोटें पत्रक संगणकावरून पाठवावें लागतें. काम थोड्या मिनिटांचें. पण लागोपाठ तीन वर्षें तें पाठविलें गेलें नाहीं तर २००६ सालच्या कायद्यान्वयें मंडळाची करमुक्ति आपोआप रद्द होते. ती परत मिळवावयाची तर अर्ज व शुल्क आलेंच. इकडे महाराष्ट्रांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या संस्थांना हिशेब दरवर्षीं तपासून घेण्याचें बंधन १९५० च्या अधिनियमानें घातलेलें आहे. न नोंदलेल्या मंडळावर तसा डोळा कोणाचाच नसतो, म्हणून तेथें सभासदांनीं तो आपला आपण ठेवावयाचा.

परंतु समजा, रविवार उजाडला आणि गृहस्थ घरीं नाहींत. दुसरी तारीख ठरली, तीही तशीच गेली. मग मात्र तिसरी तारीख देऊं नये. येथें बहुतेक मंडळें चुकतात; तीं वर्षअखेरची वाट पाहत बसतात. अध्यक्षांनीं एकांतांत त्यांना पद सोडण्याची सूचना करावी व ती वाट रुंद ठेवावी. कामाचा व्याप वाढला, एवढें कारण सभेस पुरे आहे. अधिक कोणी विचारूं नये व कोणी सांगूं नये. कार्यकारी मंडळानें ठराव करून नव्या खजिनदाराचें नांव व तारीख लिहावी. जुन्यांनीं वही, पावतीपुस्तकें, पावत्यांची पिशवी, रोकड आणि बँकेचे कागद नव्यांच्या स्वाधीन करावे व त्या यादीवर दोघांनीं सह्या कराव्या. शिल्लक खात्यांतून खात्यांत त्याच बैठकींत वळती व्हावी. नंतर म्हटलें कीं पुन्हां पिशवी आलीच. कागदही नाहीं आणि पैसाही नाहीं असें आढळलें तर अध्यक्षांनीं मुदत घालून लेखी मागणी करावी, आणि ती फुकट गेली तर वकिलाचा सल्ला घ्यावा. विश्वासानें सोंपविलेला पैसा अप्रामाणिकपणें स्वतःच्या कामीं लावणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण केवळ आळसास हें कलम लागत नाहीं, आणि चहाच्या पेल्यासमोर त्याचा उच्चारही करूं नये.

पद गेलें म्हणजे माणूस मंडळास मुकतो असेंही नाहीं. आमच्या माहितींतील एका मंडळांत अशाच एका गृहस्थांकडून हिशेब काढून घेतला व सहलीच्या बसगाड्यांचें काम त्यांच्याकडे दिलें. वही उघडतांना ज्यांना घाम फुटे, ते बसवाल्याशीं घासाघीस करतांना असे खुलले कीं दर वर्षीं तें काम दुसऱ्यास देण्याची कोणाची छाती होत नाहीं. हिशेब तेथें हल्लीं टपाल कचेरींतून निवृत्त झालेल्या एका आजीबाई लिहितात. नातू तिसरींत आहे. "पालक" या शब्दांत आजी बसते कीं नाहीं यावर सभेंत अर्धा तास वाद झाला होता, तो आम्हांस तरी अनाठायीं वाटला. त्यांचा नियम एकच: ज्या दिवशींचा पैसा त्या दिवशीं वहींत, रात्रीं जेवणें आटोपल्यावर.

चिटणीसबाईंनीं पत्राच्या शेवटीं आणखी दोन शंका विचारल्या आहेत. कांहीं खर्चांच्या पावत्या सांपडल्याच नाहींत तर ती तूट खजिनदारांनीं स्वतःच्या खिशांतून गुपचूप भरून द्यावी काय? नाहीं. तसें केल्यानें हिशेब जुळलेला दिसतो, पण खरा राहत नाहीं, आणि पुढें कधीं ती पावती सांपडली तर नवाच घोटाळा होतो. "पावती उपलब्ध नाहीं" असें लिहून तेवढी रक्कम सभेपुढें ठेवावी. सभा ती मंजूर करील किंवा करणार नाहीं. दुसरी शंका, ज्या मुलांस फीसाठीं साहाय्य दिलें त्यांचीं नांवें वार्षिक हिशेबांत छापावीं काय? मुळींच छापूं नयेत. किती मुलें व एकंदर किती रुपये, एवढेंच छापावें. नांवें अध्यक्ष व खजिनदार यांच्यापाशीं राहावीं. फी मंडळानें परस्पर शाळेच्या कचेरींत मुदतीच्या आधीं भरावी, थकबाकीसंबंधीं कांहीं विचारावयाचें झाल्यास तें मंडळास विचारावें असें कारकुनास लेखी कळवावें, आणि फीची पावती बंद पाकिटांतून मुलाच्या आईकडे पोंचती करावी.